कागदी पेल्यातला मुक्काम

मंगळवार

'द फिफ्थ डायमेन्शन' या अमेरिकी गायकांच्या गटाचं नाव घेतलं की दोनच गाणी पुढे येतात. फुग्यात बसून आभाळात जायचं 'अप, अप अँड अवे' आणि कुंभ राशीच्या युगाचं 'अक्वेरियस'. दोन्ही इतकी प्रसन्न, की या पाच जणांनी जन्मात कधी कुणाशी भांडण केलं नसावं असं वाटतं. सनशाइन पॉप म्हणतात ते हेच: कॅलिफोर्नियातलं ऊन, गळ्यात गळा घातलेले आवाज, मागे व्हायोलिनं आणि ब्रास. ऐकायला छान, विसरायलाही सोपं.

सध्या मात्र त्यांचा दुसरा अल्बम कानात अडकून बसलाय. 'द मॅजिक गार्डन', १९६७. नाव ऐकून फुलपाखरं डोळ्यांसमोर येतात. आत आहे तो अथपासून इतिपर्यंत एक प्रेमभंग.

गाणी जिमी वेबची. बीटल्सचं 'तिकिट टू राइड' सोडलं तर सगळी त्याचीच, वाद्यमेळाची मांडणीही त्याचीच. ओक्लाहोमातल्या बाप्टिस्ट पाद्र्याचा हा मुलगा तेव्हा २१ वर्षांचा होता. 'अप, अप अँड अवे' त्याचंच. त्याच वर्षी अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत सातव्या क्रमांकापर्यंत गेलं आणि पुढे ग्रॅमी घेऊन आलं. अशा वेळी रेकॉर्ड कंपनीला काय हवं असतं? आणखी एक फुगा. या पोराने आणून दिलं काय, तर स्वतःचं फुटलेलं काळीज, सुरुवातीला 'प्रोलॉग' आणि शेवटी 'एपिलॉग' लावून. 'ड्रीम्स / पॅक्स / नेपेन्थी' (स्वप्नं, शांती आणि दुःख विसरायला लावणारं औषध) असंही एका गाण्याचं नाव आहे. एकविसाव्या वर्षीच माणूस गाण्याला असलं नाव ठेवू शकतो. हसू आलं, पण गाणं चांगलं आहे.

गटाचा पहिला अल्बम अल्बमांच्या यादीत आठव्या क्रमांकापर्यंत गेला होता. हा १०५ वर थांबला.

गुरुवार

मेथी निवडताना 'द वर्स्ट दॅट कुड हॅपन' लागलं आणि हात थांबला. गोष्ट साधीच. जिच्यावर प्रेम होतं तिचं लग्न ठरल्याचं त्याच्या कानावर येतं. तिचं यात भलंच आहे, हे त्याला पटलेलंय. तिला हवं ते घर, ती स्थिरता आपल्याकडून झाली नसती, हेही तो कबूल करतो. आणि आपल्यासाठी याहून वाईट काही होऊ शकत नाही, हे त्याच दमात सांगतो. चिडचिड नाही, शाप नाही, 'बघून घेईन' नाही. मला त्याचा हा समजूतदारपणाच जास्त लागला. थयथयाट करणाऱ्याची दया येते. शहाण्यासारखं वागणाऱ्याचं काय करायचं?

हेच गाणं नंतर 'ब्रुकलिन ब्रिज' नावाच्या गटाने म्हटलं आणि १९६९ मध्ये ते तिसऱ्या क्रमांकावर गेलं. मग कंपनीला जाग आली. जुनाच अल्बम त्या गाण्याचं नाव लावून पुन्हा बाजारात आणला. दुकानदारी!

शुक्रवार, उशिरा

हेडफोन लावून नुसते आवाज ऐकले आज. आपला कान एका सुरावटीवर वाढलेला. गाणारा एक, बाकीचे साथीला. त्यामुळे पाच जण पाच वेगळ्या वाटांनी एकाच शब्दावर येतात तेव्हा आधी गोंधळायला होतं, यातली खरी चाल कुठली? मग मी एक खेळ काढला. वरचा, ठळक आवाज सोडून द्यायचा आणि मधला एखादा धरून गाणं संपेपर्यंत त्याच्याच मागे जायचं. 'कार्पेट मॅन'मध्ये करून पाहिलं. मधला आवाज बराच वेळ जवळजवळ एकाच सुरावर उभा असतो, मग अर्ध्या पायरीने खाली येतो आणि त्या एवढ्याशा हालचालीने सगळ्या ओळीचा रंग पालटतो. मुख्य चाल ऐकणाऱ्याला ते कळतही नाही, फक्त पोटात काहीतरी हलतं. हे गाणं पायपुसणं झालेल्या पुरुषाचं आहे. ती त्याला तुडवून जाते आणि तो तिथेच पसरलेला. चाल मात्र अशी की पाय ठेका धरतात.

आवाजांची ही रचना बॉब अल्सिव्हार यांची, निर्माता बोन्स हाउ, वाजवणारे लॉस एंजलिसचे ते नेहमीचे स्टुडिओतले उस्ताद. गाणारे मात्र एका साच्यातले नाहीत. रॉन टाउन्सनचं शिक्षण शास्त्रीय, ऑपेराच्या वळणाचं. बिली डेव्हिस ज्युनिअर चर्च आणि ब्लूजमधून आलेला. मॅरिलिन मकू आणि फ्लॉरेन्स लरू सौंदर्यस्पर्धा जिंकलेल्या, लमॉन्ट मकलमोर छायाचित्रकार. पाच वेगळे गळे एकमेकांत इतके मिसळायचे तर प्रत्येकाने आपलं थोडं मागे ठेवायला हवं. ते त्यांनी ठेवलंय, आणि तरी 'रेक्विएम: ८२० लॅथम'मध्ये एकेक आवाज ओळखू येतो. घराच्या पत्त्याचं मर्तिक! आख्ख्या अल्बममध्ये मला सगळ्यात आवडलेलं हेच.

रविवार

'समर ऑफ सोल' पुन्हा पाहिला. १९६९ च्या उन्हाळ्यात हार्लेम या न्यूयॉर्कमधल्या काळ्यांच्या वस्तीत, तिथल्या बागेत झालेल्या मैफलींचं चित्रण कित्येक वर्षं धूळ खात पडलं होतं, त्यावरचा २०२१ चा माहितीपट. त्यात हे पाच जण पिवळ्या-केशरी झालरींच्या कपड्यांत गातात आणि आज म्हातारे झालेले मकू आणि डेव्हिस, नवरा-बायको, शेजारी बसून ते बघतात. बघता बघता मकूचे डोळे भरून येतात. हा काळ्यांचा गट, पण यांचा आवाज गोरा, असं त्यांना सतत ऐकवलं गेलं होतं. हार्लेममध्ये आपल्या माणसांसमोर गायला मिळणं म्हणून त्यांना एवढं मोलाचं. आवाजाला रंग कसा लावता, असं ती विचारते.

हे ऐकल्यावर मला 'द मॅजिक गार्डन' का मागे पडला असावा, याचा माझ्यापुरता एक अंदाज आला. सोल हे काळ्यांचं संगीत ऐकणाऱ्याला हा फार गुळगुळीत. ज्यांना फुगा हवा होता त्यांना फार उदास. रॉकवाल्यांना फार नटलेला. त्यांना १९६७ मध्ये गिटारी फोडायच्या होत्या, व्हायोलिनं ऐकायची नव्हती. प्रत्येकाच्या दाराशी जाऊन परत आलेला अल्बम. यातलं 'कार्पेट मॅन' २९ पर्यंत आणि 'पेपर कप' ३४ पर्यंत गेलं, तेवढंच. पुढच्या वर्षी याच मंडळींनी गीतकार-गायिका लॉरा नायरोचं 'स्टोन्ड सोल पिकनिक' म्हटलं, ते तिसऱ्या क्रमांकावर पोचलं, त्याच्या पुढच्या वर्षी 'अक्वेरियस' सहा आठवडे अव्वल. मग मागे वळून कोण बघतंय?

गुळगुळीत म्हणणाऱ्यांचं मला आता पटत नाही. दुःख सांगायला गळा खरवडावाच लागतो, हा एक समज आहे. इथे माणसं मोडलेली आहेत आणि तरी सुरात आहेत, केस विंचरून, कपडे नीट करून. खऱ्या आयुष्यात आपण बहुतेक दिवस तसेच तर वावरतो.

संध्याकाळी 'पेपर कप' मोठ्याने लावलं होतं. नवरा बाहेरून आला, चपला काढता काढता शीळ घालायला लागला.

"मस्त आहे गं हे. कुठलं?"

"अरे, तो माणूस कागदी पेल्यात राहतोय. सगळं हातचं गेलंय त्याच्या."

"मग? खूश दिसतोय की."