बिल, खोका आणि वस्तू: तिन्ही नंबर जुळवा, पहिल्या आठवड्यातच

नाशिकच्या एमजी रोडच्या दुकानातून घेतलेला मोबाइल बिघडला तर तो दुकानदाराच्या काउंटरवर नेऊन ठेवता येतो. ऑनलाइन घेतलेल्या वस्तूला असा काउंटर नसतो. तिथे सगळी भिस्त कागदावर, आणि तो कागद परतीची मुदत संपायच्या आत तपासावा लागतो.

पण त्याआधी, ऑर्डर करतानाच, विकणारा कोण ते पाहा. ॲप कितीही नावाजलेलं असो, माल बहुतेकदा तिसराच कोणीतरी विकत असतो. त्याचं नाव किमतीखाली बारीक अक्षरांत असतं. त्यावर टॅप करा. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार विक्रेत्याचं नाव, पत्ता, ग्राहक सेवेचा संपर्क आणि वॉरंटीची माहिती ग्राहकाला दिसायलाच हवी. 'एक वर्ष ब्रँड वॉरंटी' असेल तर तुम्ही थेट कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जाता. 'सेलर वॉरंटी' असेल तर वस्तू विक्रेत्याकडे पाठवावी लागते, आणि त्याने मधल्या काळात गाशा गुंडाळला असेल तर वॉरंटीही त्याच्याबरोबर गेली. रिफर्बिश्ड, म्हणजे वापरलेला पण दुरुस्त करून पुन्हा विकायला काढलेल्या मालावर बहुधा ही सेलर वॉरंटीच असते.

हार्ड डिस्क आणि एसएसडीत आणखी एक खाच आहे. खोक्याविना, नुसत्या अँटिस्टॅटिक पिशवीत येणारा स्वस्त माल पुष्कळदा ओईएमचा, म्हणजे संगणक बनवणाऱ्या कंपन्यांसाठी काढलेला असतो. त्याची वॉरंटी त्या संगणक कंपनीला दिलेली असते, तुम्हाला नाही. डिस्क बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवर सिरियल नंबर टाकला की हे लगेच समजतं.

पार्सल आलं की सील तोडण्याआधी मोबाइलवर व्हिडिओ सुरू करा आणि पत्त्याच्या लेबलपासून वस्तू चालू होईपर्यंत तो मध्ये न थांबवता घ्या. खोक्याच्या कडेला बारकोडचं स्टिकर असतं. त्यावरचा सिरियल नंबर, वस्तूच्या पाठीवरचा किंवा सेटिंगमधला नंबर आणि बिलावरचा नंबर, हे तिन्ही एकच हवेत. मोबाइलवर *#०६# दाबून आयएमईआय, म्हणजे हँडसेटचा ओळख नंबर काढा. 'केवायएम' आणि पुढे जागा सोडून तो पंधरा आकडी नंबर, असा मेसेज (इंग्रजी अक्षरांत) १४४२२ वर पाठवला की दूरसंचार खात्याच्या नोंदीत तो हँडसेट कसा आहे ते कळतं. आयात केलेला माल असेल तर खोक्यावर भारतातल्या आयातदाराचं नाव-पत्ता आणि एमआरपी छापलेली हवी. ती नसेल तर माल आडवाटेने आलाय असं समजा आणि परत करा. इथलं सर्व्हिस सेंटर त्याला हात लावेलच असं नाही.

आता बिल. पार्सलमधली चिठ्ठी बिल असेलच असं नाही. ॲपमधून टॅक्स इनव्हॉइसची पीडीएफ त्याच दिवशी उतरवून स्वतःला ईमेल करा. विक्रेत्याचा जीएसटी नंबर पंधरा अक्षर-आकड्यांचा असतो आणि पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे २७. जीएसटीच्या सरकारी साइटवर तो टाकून नोंदणी चालू आहे का ते पाहा. मग ब्रँडच्या साइटवर सिरियल टाकून वॉरंटी कधी संपते ते बघा. लॅपटॉपची वॉरंटी कधीकधी कारखान्यातून माल निघाल्याच्या तारखेपासून धरलेली असते आणि चार-सहा महिने आधीच उडालेले दिसतात. बिल अपलोड करून खरेदीची तारीख दुरुस्त करून घेता येते. हे काम वस्तू धडधाकट असताना करा, बिघडल्यावर त्यातच दिवस जातात.

'ऑनसाइट' (माणूस घरी येऊन दुरुस्त करतो) आणि 'कॅरी-इन' यांतला फरकही आधीच पाहा. सुरगाणा, पेठ, इगतपुरीकडे राहत असाल तर ब्रँडच्या साइटवर स्वतःचा पिनकोड टाका. कॅरी-इन म्हणजे प्रत्येक खेपेला वस्तू घेऊन सेंटर गाठायचं. फ्रिज-एसीवरची 'दहा वर्षं' बहुधा फक्त कॉम्प्रेसरची असतात. गॅस, मजुरी, पीसीबी (आतला सर्किट बोर्ड) यांचं वेगळं वाचा. एसी बसवायला ब्रँडचाच माणूस बोलवा आणि इन्स्टॉलेशनची नोंद जपून ठेवा. पावसाळ्यात लाइट जा-ये करते. व्होल्टेजने जळालेला बोर्ड आणि पाणी गेलेला मोबाइल साध्या वॉरंटीत बसत नाहीत. बऱ्याच मोबाइलमध्ये सिम ट्रेच्या खाचेत पाणी लागलं की रंग बदलणारा पांढरा ठिपका असतो. तो लाल झालेला दिसला की सेंटरवाले बहुधा तिथेच नकार देतात.

दाद मिळाली नाही तर पायरी-पायरीने जा. सेंटरमध्ये वस्तू देताना जॉबशीट, म्हणजे दुरुस्तीसाठी वस्तू घेतल्याची पावती घ्या आणि त्यावर बिघाड तुमच्या शब्दांत लिहून घ्या. ॲपच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण द्यायचं असतं. त्यानंतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, १९१५. तरीही अडलं तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते, म्हणजे विक्रेता दिल्लीचा असला तरी नाशिकलाच. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकील लावलाच पाहिजे असंही नाही, अर्ज ई-जागृती या सरकारी पोर्टलवर घरबसल्या भरता येतो. मुदत तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षं. अर्जाला बिलाची पीडीएफ, जॉबशीट, व्हिडिओ आणि ऑर्डर करताना वॉरंटीच्या ओळीचा घेतलेला स्क्रीनशॉट जोडा. ती ओळ विक्रेता नंतर बदलू शकतो, म्हणून स्क्रीनशॉट पैसे भरण्याआधीच काढून ठेवा.