वडाळ्याच्या वाटेवर विचारलेलं

लालबागहून वडाळ्याच्या विठ्ठल मंदिराची वाट फार लांब नाही. पाच-सहा किलोमीटर, टाळाच्या चालीने दोन-अडीच तास. नोकरी, आजारपण, घरचा रगाडा यांतून ज्यांना पंढरपूर जमत नाही, त्या मुंबईकरांची आषाढी हीच. वडाळ्याला प्रतिपंढरपूर म्हणतात आणि एकादशीला पहाटेपासून कात्रक रोडवर पाय ठेवायला जागा नसते. आमच्या चाळीची दिंडी गिरणी कामगारांनी सुरू केली. सातारा-कोल्हापूरकडून आलेली ही माणसं गळ्यातल्या माळेसकट साच्यावर उभी राहायची. माझे वडील त्यांतलेच.

देवाधर्माला प्रश्न विचारले की श्रद्धा वाढते की विरते, हे मला कुणी ना कुणी विचारतं. माझ्यापुरतं उत्तर मिळायला मला अर्धं आयुष्य लागलं, म्हणून सांगते.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा मी शाळेत होते. पगार थांबला. आईने सोळा सोमवार धरले, शेजारणींपैकी कुणी मारुतीला नवस बोललं, कुणी एकवीरेला. त्या वर्षीच्या सप्ताहात एका कीर्तनकारांनी सांगितलं, आपण जे भोगतोय ते आपलं पूर्वसंचित. बायका माना डोलावत होत्या, माझी आईसुद्धा. घरी आल्यावर मी वडिलांना विचारलं, "बाबा, अडीच लाख कामगारांचं पूर्वसंचित एकाच दिवशी कसं फळाला आलं?"

ते रागावले नाहीत. बराच वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "तसं नसेल मग." संध्याकाळी नेहमीसारखे हरिपाठाला गेले.

एवढ्या उत्तराने माझं समाधान होण्यासारखं नव्हतं. वडिलांची गिरणी पुन्हा सुरू झाली नाही. पुढच्या वर्षांत माझ्या मनातून एकेक गोष्ट निघून गेली: नवस, पूर्वसंचित, विटाळ, देव कोपेल ही भीती. त्यांच्यामागोमाग विठ्ठलही गेला. भांडण झालं नाही, बोलणं संपलं.

नोकरी गिरगावात होती. प्रार्थना समाजाच्या मंदिरावरून रोज जाणं-येणं. १८६७ साली स्थापन झालेल्या त्या समाजात मूर्तिपूजा नाही. न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारखी चिकित्सक माणसं तिथे उपासना करायची आणि निरूपणाला अभंग घ्यायची ते तुकोबांचे. ज्यांनी मूर्ती सोडली त्यांना तुकोबा का सोडवले नाहीत, या कुतूहलाने मी अभंग वाचायला बसले. लहानपणापासून कानावर होते, पण वाचले तेव्हा पहिल्यांदा. नवसाने मुलं होत असतील तर नवरा कशाला करायचा, हे तुकोबांनी साडेतीनशे वर्षांपूर्वीच विचारून ठेवलंय. नामदेव तर दारात उभे राहून म्हणतात, पतितपावन नाव ऐकून आलो होतो, तू तसा नाहीस, निघालो माघारी. आणि जनाबाई! ती त्याला 'विठ्या' म्हणून शिव्या घालते. चाळीतली म्हातारी माणसं हे सगळं रोज टाळांवर म्हणत होती आणि मला वाटत होतं की शंका एकटी मलाच आहे.

माझ्यात आणि त्यांच्यात एक फरक होता. मी विठ्ठलाविषयी प्रश्न विचारत होते, ते विठ्ठलाला विचारत होते. ज्याला आपण जाब विचारतो त्याच्याशी नातं तुटत नाही, उलट त्याला समोर उभं राहावंच लागतं. त्यानंतर मी पुन्हा दिंडीत चालू लागले. माळ घातली नाही, अजूनही घातलेली नाही. माझी श्रद्धा आईच्या श्रद्धेपेक्षा लहान आहे, हे मी कुणापाशीही कबूल करीन. तिच्यात नवस नाही, भय नाही. जे गेलं ते जाण्याच्याच लायकीचं होतं. उरलं त्याला मी कितीही प्रश्न विचारते, ते हलत नाही.

यंदा भावाची मुलगी पहिल्यांदाच बरोबर होती. बारावीत आहे. पहाटे चाळीच्या चौकात तुळशीवृंदावनं मांडलेली होती. ती मला बाजूला घेऊन म्हणाली, "आत्या, माझी पाळी आलीय. तुळस घेऊ की नको?"

तिला मी सोयराबाईंची गोष्ट सांगितली. चोखोबांची बायको. देहाला विटाळ म्हणता, तर विटाळावाचून जन्मलेला एक तरी देह जगात आहे का, असं चौदाव्या शतकात उघड विचारणारी. "आता तूच ठरव," म्हटलं. तिने वृंदावन उचललं. शेजारच्या मावशींनी सगळं ऐकलं होतं. त्या आयुष्यभर चार दिवस देवघराकडे न फिरकलेल्या. मला वाटलं, आता बोलतील. त्यांनी आपल्या पिशवीतून चुंबळ काढली आणि पोरीच्या डोक्यावर तुळशीखाली नीट बसवून दिली. "नुसती ठेवशील तर मान दुखेल," एवढंच म्हणाल्या.

हिंदमाताला दरवर्षीप्रमाणे घोट्याच्या वर पाणी. तुळस तोवर दुसरीच्या डोक्यावर गेली होती आणि भाचीच्या हातात टाळ आले होते. वीणा घेतलेल्या अण्णांनी वडाळ्याची आख्यायिका सांगितली: तुकोबा मिठाच्या व्यापाऱ्यांकडे येत आणि इथली मूर्ती त्यांच्यामुळे आली. त्यावर ही लगेच म्हणाली, "अण्णा, तुकाराम महाराज १६५० ला गेले ना? तेव्हा मुंबई पोर्तुगीजांकडे होती. त्यांनी देऊळ होऊ दिलं असतं?"

अण्णा म्हणाले, "नसेलही दिलं. शोधून काढ आणि मलाही सांग. पण बाळा, टाळ चुकतोय तुझा."

माझ्या वडिलांचंच उत्तर होतं ते. एक समजूत हातातून सुटली तरी चालणं थांबवायचं कारण नाही, हे या माणसांना किती सहज कळलेलं असतं! मला ते पुस्तकांतून शिकावं लागलं.

दादरला खोदादाद सर्कलपाशी दिंडी विसाव्याला थांबली. हिंदू कॉलनीतलं राजगृह, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं घर, तिथून जवळच. आम्ही आलो होतो तो रस्ताही बाबासाहेबांच्याच नावाचा, आणि त्यांना वगळून श्रद्धेबद्दल बोलणं मला खोटं वाटतं. अस्पृश्यांना प्रवेश मिळावा म्हणून नाशिकच्या काळाराम मंदिराच्या दारात १९३० साली सत्याग्रह सुरू झाला आणि वर्षानुवर्षं चालूनही दार उघडलं नाही. १९३५ साली येवल्यात बाबासाहेबांनी सांगितलं, हिंदू म्हणून मरणार नाही. १९५६ साली नागपुरात लाखो माणसांसह ते बुद्धाला शरण गेले. प्रश्न विचारल्याने श्रद्धा पक्कीच होते असं सरसकट सांगणाऱ्यांनी हे विसरू नये. दारच लावून घेणाऱ्या धर्मातून प्रश्न विचारणारा निघून जातो आणि त्याचं जाणं रास्त असतं. तरीही १९४८ साली अस्पृश्यांच्या मूळ इतिहासावरचं आपलं पुस्तक त्यांनी नंदनार, रविदास आणि चोखोबा या अस्पृश्य मानल्या गेलेल्या तिघा संतांना अर्पण केलं. चोखोबांची समाधी पंढरपुरात महाद्वारासमोर, देवळाबाहेर. आत जायला त्यांच्या लोकांना १९४७ साल उजाडावं लागलं, साने गुरुजींना उपोषणाला बसावं लागलं. सहाशे वर्षं तो प्रश्न दारातच होता. हे आठवल्याशिवाय मला विठ्ठलापुढे उभं राहता येत नाही.

फाइव्ह गार्डनवरून पुढे गर्दी घट्ट होत गेली. शाळांच्या दिंड्या, कमरेवर हात ठेवून कंटाळलेले छोटे विठ्ठल, बुक्क्याचा वास, पावली घालणारी कॉलेजची मुलं. रांगेत आम्ही बराच वेळ होतो. दर्शन क्षणभराचं, स्वयंसेवक पुढे ढकलतच असतात. बाहेर आल्यावर भाची म्हणाली, "आत्या, आत गेल्यावर मला काहीच वाटलं नाही. पाण्यातून सगळे एका सुरात चालत होते ना, तेव्हा वाटलं होतं."

"असू दे की," मी म्हटलं. समजूत घालायची गरज तिलाही नव्हती.

खिचडीचा द्रोण घेऊन आम्ही फुटपाथवर बसलो. मावशींनी आपल्या वाटणीचं केळं पोरीला दिलं आणि विचारलं, "त्या सोयराबाईंचं आणखी काय काय आहे गं?" भाचीने मोबाइलवर शोधलं आणि गर्दीच्या आवाजावर मोठ्याने वाचू लागली. दोन अभंग झाल्यावर मावशींनी तिला थांबवलं, एक ओळ पुन्हा वाचायला लावली, मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "इतकी कीर्तनं ऐकली मी. हे मला कुणी सांगितलं का नाही?"