आमची वाटचाल : काजू फोडणाऱ्या हातांना विचारून

गोव्यातल्या आमच्या सत्तरी तालुक्यात काजू डोंगरभर. या बिया गावातच घ्यायच्या, गावातच फोडायच्या आणि गर विकायचा, एवढ्या विचाराने आम्ही नवरा-बायकोने वाळपईजवळ शेड घातली. २०१२ साली खाणी बंद पडल्या, डिचोली-सत्तरीतले ट्रक दारात उभे राहिले आणि आमच्याकडे येणाऱ्या कित्येक बायकांची मजुरी हाच घरचा मुख्य आधार झाला. कारखाना कोणासाठी चालवायचा, हा प्रश्न तेव्हापासून आम्हाला सोडत नाही.

काजूचं काम बाहेरून सोपं दिसतं. बी उन्हात सुकवायची, वाफवायची, थंड करायची, हातापायाने चालणाऱ्या कटरवर फोडायची. मग गर भट्टीत सुकवायचा, साल काढायची, निवडायचा. टरफलातलं तेल इतकं जहाल की कातडी सोलवटते. भाव अख्ख्या गराला. पाकळीला कमी, कणीला त्याहून कमी. डब्ल्यू ३२० ही अख्ख्या गराची प्रत, म्हणजे पौंडाला साधारण ३२० गर, डब्ल्यू १८० त्याहून कितीतरी टपोरा.

सगळा खेळ वाफेवर. वाफ कमी बसली तर गर टरफल सोडत नाही, पात्याखाली तुटतो. जास्त बसली तर रंग जातो. हे सर्वांत आधी कळतं ते कटरवरच्या बाईला, पहिल्या चार-पाच बियांतच. पण सगळीकडे असते तशी आमची रचना होती : तिने सुपरवायझरला सांगायचं, त्याने आम्हाला, आम्ही बॉयलरवर. तोवर अर्धा माल फुटून झालेला असे. त्यात मजुरी किलोवर, म्हणजे जी थांबेल तिचंच नुकसान. मग ती कशाला सांगेल?

हुंबेर्तो मातुराना आणि फ्रान्सिस्को वारेला या चिलीच्या जीवशास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकात मांडलं की सजीव स्वतःला सतत स्वतःच घडवत राहतो. ते बोलत होते पेशीबद्दल. कारखान्याला ते जसंच्या तसं लावू नये. पण पेशीला बाहेरचा बदल कळतो आणि ती आपलं आपण सावरते, हे वाचल्यावर आमच्या शेडमध्ये नेमकं काय अडतंय ते मला दिसलं. कळणारी एकीकडे बसली होती आणि ठरवणारे दुसरीकडे.

प्रत्यक्ष मार्ग दिसला तो नेदरलँड्सच्या ब्यूर्टझॉर्गमध्ये. योस दे ब्लोक यांनी २००६ मध्ये सुरू केलेली ही घरी जाऊन रुग्णसेवा करणारी संस्था. परिचारिकांचे जास्तीत जास्त १२ जणांचे गट, आणि कोणी कुठे जायचं, कधी जायचं, नवीन माणूस कोण घ्यायचं, हे गटच ठरवतो. वर मॅनेजर नाही.

आम्ही फोडणी, साल आणि निवड यांचे गट केले. किलोची मजुरी बंद करून दिवसाची ठरावीक मजुरी, म्हणजे रोज, ठरवला, वर अख्ख्या गराच्या प्रमाणावर पूर्ण गटाला वाटा, आणि त्यात बॉयलरवालाही आला. आता कटरवरची काकी हात थांबवते आणि सरळ हाक मारते, "बी कच्ची आसा रे, आनीक वाफ दी!" कोणाची परवानगी लागत नाही. तुकडा कमी झाला. मला त्याहून मोठं वाटतं ते हे, की नव्या मुलीला आता या काकीच शिकवतात, कारण तिचं काम सुधारलं तर सगळ्यांचा वाटा वाढतो.

वेळापत्रकही गटांकडेच आहे. आषाढात भाताची लावणी, पुढे चतुर्थी, आणि लगेच दिवाळीच्या ऑर्डरी. हा तिढा आम्हाला कधी नीट सुटत नव्हता. बायकांनी ठरवलं : चतुर्थीला शेड पूर्ण बंद, त्याआधी श्रावणात जादा माल काढून नायट्रोजनच्या पाकिटांत बंद करून ठेवायचा. पावसात उघडा गर ओल धरतो, हे त्यांना कोणी सांगावं लागत नाही.

सगळंच गटांवर सोडलेलं नाही. बँकेचं कर्ज, परवाने, हंगामात बियांचा भाव या जबाबदाऱ्या आमच्या. आणि एक ठाम मत : संस्था जिवंत आहे म्हणायचं आणि पीएफ, ईएसआय (कामगारांचा आजारपणाचा विमा) टाळायचं, हे मला मान्य नाही. आजारपणाची धास्ती असलेल्या बाईला "निर्णय तू घे" म्हणण्यात काही अर्थ नसतो.

२०२३ मध्ये गोव्याच्या काजूला भौगोलिक मानांकन मिळालं. आफ्रिकेतून आलेल्या बियांचा गर "गोव्याचा" म्हणून विकला जातो, त्यापुढे इथल्या बागायतदाराला हा आधार आहे. म्हणून खरेदीच्या बैठकीला आम्ही बागायतदारांनाही बोलावतो. कोणत्या डोंगराची बी कशी फुटली, हे त्यांना फोडणाऱ्या बायकांकडूनच समजतं.

सध्या चर्चा आहे साल काढायच्या मशीनची. वयस्क बायकांना ते हवं आहे, डोळे आणि बोटं दुखतात म्हणून. तरुण मुलींना काम जाईल अशी धास्ती आहे. सालवाल्या गटाने अट घातली आहे की मशीन आलं तर कोणालाही घरी न पाठवता निवड आणि पॅकिंगला घ्यायचं, आणि ते शिकण्याच्या दिवसांचा रोज पूर्ण द्यायचा. आम्ही हिशेब त्यांच्यासमोर मांडला आहे. मार्चमध्ये नव्या बिया येऊ लागतील, त्याआधी गट काय ते सांगणार आहे.