टोनी हॉक व्हाया कन्ना चौक

चाकं लावलेल्या फळीवर, म्हणजे स्केटबोर्डवर करामती करायच्या 'टोनी हॉक्स प्रो स्केटर' या व्हिडिओ गेमवर डॉक्युमेंटरी करतोय असं म्हटलं की समोरून ठरलेला प्रश्न यायचा, "सोलापुरात स्केटबोर्ड कुणाकडं हाय बे?"

नव्हताच कुणाकडं. २००२-०३च्या सुमारास कन्ना चौकामागच्या एका बोळात अण्णांचं गेम पार्लर होतं. तासाला दहा रुपये. तिथं हा गेम खेळून अंगठ्याला घट्टे पाडून घेतलेल्या पोरांपैकी एकानंही खरा स्केटबोर्ड हातात धरलेला नव्हता. सीडी पायरेटेड, ती चालावी म्हणून प्लेस्टेशनला, म्हणजे टीव्हीला जोडायच्या गेमच्या यंत्राला, चिप मारलेली, आणि टोनी हॉक नावाचा स्केटबोर्डर खरोखर आहे हे निम्म्यांना ठाऊक नव्हतं. तरी किकफ्लिपसाठी, म्हणजे उडीत बोर्ड पायाखाली गरकन फिरवण्यासाठी, डावा बाण आणि चौकोनाचं बटण, हे त्यांनी झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगितलं असतं. मला फिल्म करायची होती ती या पोरांवर.

गेमच्या इतिहासावर फिल्म आधीच झालेली आहे. लुडविग ग्यूर या स्वीडिश दिग्दर्शकाची, २०२० सालची, आणि तिच्यात खुद्द हॉक बोलतो. तिच्यावर ताण करायला जाण्यात काही अर्थ नव्हता. पण ज्यानं प्लेस्टेशन बघितलेलाच नाही अशा प्रेक्षकाला चार मिनिटं तरी माहिती द्यावी लागतेच, आणि त्या चार मिनिटांचं लिखाण काही केल्या जमेना. माहिती ढीगभर, जागा टिचभर.

ब्रूस विलिसचा किस्सा तेवढा डोळे झाकून ठेवला. गेम बनवणाऱ्या नेव्हरसॉफ्ट या स्टुडिओनं त्याआधी विलिसला नायक करून 'अपोकॅलिप्स' नावाचा गेम केला होता. स्केटिंगच्या गेमसाठी त्यांनी तोच सांगाडा वापरला, त्यामुळं हॉकला जो पहिला नमुना दाखवला त्यात स्केटबोर्डवर चक्क ब्रूस विलिस उभा होता. मग २७ जून १९९९. सॅन फ्रान्सिस्कोत एक्स गेम्स या स्पर्धेत पुन्हा पुन्हा आपटल्यावर हॉकनं हवेत अडीच गिरक्या घेऊन बोर्ड सरळ खाली आणला. या करामतीला ९०० म्हणतात, कारण अडीच फेऱ्या म्हणजे ९०० अंश. त्याच वर्षी पहिला गेम आला. २०००च्या दुसऱ्या भागात मॅन्युअल आलं, म्हणजे दोनच चाकांवर तोल सांभाळत पुढं सरकणं, आणि तिथून करामती एकमेकींना जोडायची चटक लागली. २००१च्या तिसऱ्या भागात रिव्हर्ट, म्हणजे खाली टेकताच बोर्ड अर्धा फिरवणं, आल्यावर तर रॅम्पवरून उतरतानाही साखळी तुटेना. २००७पर्यंत दरवर्षी एक गेम. २००९ला प्लास्टिकची फळी देऊन तिच्यावर उभं राहून खेळायला लावलं, ते फसलं. २०१५चा पाचवा भाग लोकांनी झोडपला. नेव्हरसॉफ्ट तोवर दुसऱ्या स्टुडिओत विलीनही झाला होता. पुढं २०२०ला पहिले दोन आणि २०२५ला तिसरा-चौथा नव्यानं करून आणले. एवढ्यावर माहिती संपवली. माझं सगळं लक्ष पुढच्या गोष्टींवर होतं.

पहिली गोष्ट जुना टीव्ही. गेमचं चित्र सरळ कॉम्प्युटरवर रेकॉर्ड करता येतं आणि समजावून सांगायच्या भागासाठी मी ते केलंही. पण ते फार धुतल्यासारखं दिसतं. आम्ही जे बघितलं ते फुगीर काचेच्या पिक्चर ट्यूबवर, कडा विरघळलेलं. म्हणून तसलाच टीव्ही भंगारवाल्याकडून आणला. प्लेस्टेशन एका मित्राच्या माळ्यावर मिळाला. सरळ ठेवला की सीडी वाचायचा नाही, उलटा पालथा ठेवला की चालू. हा उपाय अण्णांच्या पार्लरमधलाच, तो अजून लागू पडतो हे बघून जीव भांड्यात पडला. चित्र मात्र काळं-पांढरं आलं. सीडी एनटीएससी या टीव्ही-चित्राच्या अमेरिकन पद्धतीची, टीव्ही आपल्याकडच्या पाल पद्धतीवर लावलेला. मेनूत जाऊन सिस्टिम बदलली तेव्हा रंग उमटले.

खरी डोकेदुखी त्यानंतर. कॅमेऱ्यात टीव्हीवर काळे पट्टे सरकताना दिसायचे. एनटीएससीचं चित्र सेकंदाला साठ वेळा उमटतं, तेव्हा कॅमेऱ्याचं शटर एक साठांश सेकंदावर ठेवायचं. ठेवलं. पट्टे थांबले आणि मागची भिंत लपलप करायला लागली, कारण आपल्याकडची वीज पन्नासच्या तालावर चालते आणि खोलीतली ट्यूबलाइट त्या तालावर नाचते. टीव्हीला खूश केलं तर ट्यूब रुसते, ट्यूबला सांभाळलं तर टीव्ही. शेवटी ट्यूब बंद करून बॅटरीवर चालणारा एलईडी लावला, त्याला वीजमंडळाच्या तालाशी देणंघेणं नसतं. कुणी जुना टीव्ही शूट करणार असाल तर हे आधी करा, रात्र वाचेल.

दुसरी गोष्ट गाणी. हा गेम जगभर ओळखला जातो तो त्यातल्या पंक रॉकमुळं. गोल्डफिंगर, डेड केनेडीज, द व्हँडल्स. हे बँड माहीत असलेली अख्खी पिढी या गेमनं घडवली. फिल्ममध्ये गाणं वापरायचं तर परवानग्या दोन लागतात. एक गाण्याच्या रचनेची, दुसरी त्या विशिष्ट रेकॉर्डिंगची, आणि दोन्हींचे मालक बहुतेक वेळा वेगळे. मी ईमेल पाठवले. काहींचं उत्तर नाही, एकाकडून फॉर्म आला, त्यात फिल्मचं बजेट भरायची जागा होती. ती भरताना मलाच हसू आलं. ओळखीच्या वकिलांनी कॉपीराइट कायदा १९५७चं कलम ५२ दाखवलं: समीक्षेसाठी किंवा परीक्षणासाठी 'फेअर डीलिंग' म्हणून थोडा भाग वापरता येतो. "पण हे कोर्टात मांडायचं म्हणणं आहे, खिशात ठेवायचं सर्टिफिकेट नाही," असंही लगेच म्हणाले. गेमच्या दृश्यांपुरता मी त्या कलमाचा आधार घेतला. गाण्यांचं घोडं तिथंच अडलं.

ते अण्णांनी सोडवलं, त्यांच्या नकळत.

अण्णांची मुलाखत जमवायलाच वेळ गेला. त्यांना मोकळा दिवस असला की माझ्या कॅमेरावाल्या मित्राकडं नळाला पाणी यायचा दिवस, आणि सोलापुरात पाण्याच्या दिवशी कुणी घर सोडत नाही. जमलं एकदाचं. अण्णा आता टॉवेलच्या पॅकिंगचं बघतात, पार्लरची खोली सुताच्या गोण्यांनी भरलीय. मागच्या भिंतीला लागून यंत्रमागांचा कारखाना आहे, तेव्हाही होता. माग चालू असले की कॉलर माइकसुद्धा हात टेकतो. मी म्हटलं, जेवणाच्या सुट्टीत बोलू या. तेवढ्या वेळात मी विचारलं, "अण्णा, गेममधली गाणी आठवतात का तुम्हाला?"

"कुठली गाणी?"

"गेम चालू असताना मागं वाजायची ती."

"आवाज बंदच ठेवत होतो की," अण्णा म्हणाले. "मागं कारखान्याचं खडखड, पुढं तुम्ही पोरं बोंबलत बसलेले. त्यात टीव्ही कशाला? डोकं फिरत होतं बे."

मी मित्राकडं बघितलं. तोही त्या पार्लरमधलाच. आम्हा दोघांना ती गाणी पाठ आहेत, पण ती पुढं इंटरनेटवर ऐकून. पार्लरमध्ये एकही ऐकलेलं नव्हतं. जगानं ज्या गेमचं संगीत डोक्यावर घेतलं तो आम्ही मागांच्या आवाजावर खेळलो होतो. त्यानंतर मी कुणालाही ईमेल केला नाही. सुट्टी संपली, माग सुरू झाले, आणि रेकॉर्डर भिंतीला लावून तो आवाज पाहिजे तेवढा भरून घेतला. मालकांनी आत येऊनही घेऊ दिला, वर चहा पाजला.

फिल्मचा मधला भाग त्यातून झाला. पहिल्या गेममध्ये एक फेरी दोन मिनिटांची असते. तेवढ्या वेळात गुण मिळवायचे, एस-के-ए-टी-ई ही अक्षरं गोळा करायची, लपवलेली टेप शोधायची. अशी एक पूर्ण फेरी, मध्ये कुठंही न कापता, वेअरहाउस या पहिल्याच लेव्हलवर. खेळतोय आमच्यातला तेव्हाचा सगळ्यात तरबेज गडी. आता त्याचं चादरींचं दुकान आहे आणि चेहरा दाखवायचा नाही ही त्याची अट होती. ती मला पथ्यावरच पडली. फक्त हात दिसतात. डावा अंगठा बाणांवर जेमतेम हलतो, उजवा एक्सवर दाबून धरलेला असतो आणि सुटतो तेव्हा ऑली, म्हणजे बोर्डासकट उडी, बसते. मध्येच पडला की दोन्ही अंगठे एकदम वर उचलले जातात, तव्याला लागल्यासारखे. मागं सगळा वेळ मागांचं खडखड. एडिट बघणाऱ्या एकानं विचारलं, हा ठेका कुणाकडून करून घेतला? बाकी कशाहीपेक्षा ते ऐकून बरं वाटलं.

खरा स्केटबोर्डही फिल्ममध्ये आहे. इंजिनिअरिंगच्या एका पोरानं ऑनलाइन मागवलाय. रस्त्यावर चालवणं शक्यच नाही, खडीचा एक खडा चाकाखाली आला की माणूस पुढं आणि बोर्ड मागं. तो एका मंगल कार्यालयाच्या आवारात पहाटे सराव करतो. तिथं शहाबादी फरशी आहे, चाकं प्रत्येक सांध्यावरून जाताना टक्-टक् वाजतात. त्याला मॅन्युअल जमतं, पण त्यानं हा गेम कधी खेळलेला नाही. आमच्या गड्याला त्याच्यासमोर बसवायचा विचार होता, दुकानामुळं राहून गेलं. बागेत शूट करायचंही राहिलं. परवानगीचा अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर फिरला आणि तेवढ्यात ऊन इतकं चढलं की मीच नाद सोडला.

फिल्म एका क्लासच्या हॉलमध्ये दाखवली. अण्णा सगळ्या घराला घेऊन आले होते. "मला एवढंच ठेवलास व्हय? तासभर बोललालो की," ही त्यांची तक्रार. बाकीच्यांनी हातांचा भाग परत लावायला सांगितला.

नंतर ती ऑनलाइन चढवली. धाकधूक गेमच्या दृश्यांचीच होती, कलम ५२ छापून शेजारी ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी कॉपीराइटचा दावा आलाच, पण तो गेमवाल्यांचा नव्हता की पंक बँडचा नव्हता. अण्णा बोलत असताना बोळातून कुणीतरी मोबाइलवर तेलुगू गाणं वाजवत गेलं होतं. आमच्या कानाला ते जाणवलंही नाही, साइटच्या यंत्रणेनं मात्र अचूक ओळखलं. अण्णांना फोन करून सांगितलं तर त्यांनी गाण्याचं नाव आणि हिरो दोन्ही सांगितले. तेवढ्या तुकड्याचा आवाज काढला, तिथं मागांचा आवाज भरला, अण्णांचं बोलणं सबटायटलमध्ये घातलं आणि फिल्म पुन्हा चढवली.