स्वाती
रात्री दहाच्या सुमारास डिचोलीत वीज गेली. आई हाताला खोबरेल लावून फणसाचे गरे काढत होती, तशीच अंगणात आली. सप्तर्षींच्या शेपटीचा बाक पुढे नेऊन तिला स्वाती दाखवली. पार डोक्यावर, नारिंगी. गाभ्यातला हायड्रोजन संपल्यावर हा म्हातारा तारा फुगत गेला. आज तो सूर्याच्या सुमारे 25 पट रुंद आहे, पण पृष्ठभाग सूर्यापेक्षा थंड, म्हणून तो रंग.

अंतर जवळजवळ 37 प्रकाशवर्षं. म्हणजे आई लग्न होऊन या घरात आली, त्या सुमारास निघालेला उजेड आज आमच्या अंगणात पोचला! हे सांगितलं तर ती काहीच बोलली नाही. चिकाचे हात पदरापासून लांब धरून कितीतरी वेळ वर बघत राहिली.

वीज आली तेव्हा मला खरंच वाईट वाटलं.