दोनदा हीट

बाबांची जुनी डिझेल गाडी माझ्याकडे आली तेव्हा चावीसोबत एक सूचनाही आली. "अगं, थंडीत एकदा हीट देऊन भागत नाही. कॉइलचा दिवा विझला की चावी मागे घे, परत हीट दे, आणि मग सेल्फ मार." हीट देणं म्हणजे सेल्फ मारण्याआधी चावी अर्धी फिरवून इंजिनमधले हीटर प्लग, म्हणजे विजेवर तापणाऱ्या कांड्या, तापवणं; किती थांबायचं ते डॅशबोर्डवरचा कॉइलचा दिवा सांगतो. मीही तेच करत आले. गाडी चालू होत होती, मग कोण कशाला खोलात शिरतंय!

गेल्या हिवाळ्यात दोनाचे तीन झाले, तिनाचे चार. चालू झाल्यावरही पहिलं मिनिटभर मिसिंग, म्हणजे एखादा सिलिंडर न पेटल्याचे झटके, सायलेन्सरमधून डोळे चुरचुरवणारा पांढरा धूर, आणि मग जणू काही झालंच नव्हतं अशी सुरळीत. दिवसभर परत तक्रार नाही.

त्या पांढऱ्या धुरानेच मला हीटर प्लगकडे वळवलं. पांढरा धूर म्हणजे न जळलेलं डिझेल. म्हणजे डिझेल सिलिंडरपर्यंत पोचतंय, पेटत नाहीये. सेल्फ मारताना धुराचा मागमूसही नसता, तर मी आधी लाइनमध्ये हवा शिरली आहे का आणि पंपाचा सोलेनॉइड, म्हणजे डिझेल सोडणारी विजेची झडप, उघडतोय का, ते पाहिलं असतं. आणि सेल्फच रडत फिरत असता तर बॅटरी.

माझं इंजिन जुन्या धाटणीचं, प्री-चेंबरचं, म्हणजे डिझेल आधी बाजूच्या छोट्या कप्प्यात पेटतं. त्यात कॉम्प्रेशन 21-22 ला 1 असलं, तरी थंड चेंबरच्या भिंती दाबलेल्या हवेची उष्णता शोषून घेतात. म्हणून प्लगवाचून ते गारठ्यात पेटतच नाही. एक प्लग मेला तर गाडी तीनवर खडखडत चालू होते आणि चेंबर तापला की चौथा सिलिंडर सामील होतो. माझं दुखणं अगदी हेच वाटत होतं.

प्लग तपासताना एक चूक बहुतेक सगळे करतात, मीही केली. चारही प्लगना जोडणारी पितळी पट्टी न काढताच मीटर लावला. चारही चांगले! दाखवणारच, कारण ते एकमेकांना समांतर जोडलेले असतात आणि एकाच्या आडून दुसऱ्याचं रीडिंग येतं. पट्टी काढली आणि टेस्ट लॅम्पचा चिमटा बॅटरीच्या प्लसला लावून टोक एकेका प्लगच्या डोक्याला टेकवलं. पहिला पेटला, दुसरा पेटला, तिसरा पेटला. चौथ्यावर अंधार. मीटरनेही तेच सांगितलं: तिघांचा रेझिस्टन्स 0.9 ओहमच्या आसपास, चौथा पूर्ण ओपन, म्हणजे आतून तुटलेला. त्या 0.9 मधले 0.3 तर मीटरच्या स्वतःच्या वायरींचे. दोन्ही टोकं एकमेकांना टेकवून आधी तो आकडा बघायचा आणि वजा करायचा, नाहीतर चांगला प्लग उगाच बदनाम होतो.

काढताना मात्र घाई नको. आदल्या रात्री आट्यांवर गंज सोडवायचं तेल टाकून ठेवलं, सकाळी इंजिन गरम केलं, मग पाव फेरा पुढे, पाव फेरा मागे. हात अडला की थांबायचं. प्लग हेडमध्ये तुटला तर पुढचं काम प्लगचं राहत नाही, हेड खोलण्याचं होतं.

चारही नवे टाकले. दुसऱ्या दिवशी सकाळी मोठ्या ऐटीत एकदाच हीट दिली, सेल्फ मारला. फुर्रर्र, आणि काही नाही. मिसिंग गेलं होतं, पण दोनदा हीट कायम!

त्या दिवशी मला डॅशबोर्डवरच्या कॉइलच्या दिव्याचा खरा राग आला. माझ्या गाडीत तो टायमरचा दिवा आहे. किती वेळ थांबायचं तेवढं सांगतो. प्लग तापले की नाही, हे त्याच्या गावीही नसतं. चारही प्लग काढून शेल्फवर ठेवले तरी तो इमानेइतबारे पेटेल आणि विझेल.

मग शेजारच्या मुलाला चावीवर बसवलं आणि हीट चालू असताना व्होल्टेज मोजलं. बॅटरीवर 11.8. प्लगच्या पट्टीवर 8.9. जवळजवळ तीन व्होल्ट वाटेतच गडप! प्लगची ताकद व्होल्टेजच्या वर्गाने घटते, म्हणजे बिचाऱ्यांना निम्म्याहून जेमतेम जास्त ताकद मिळत होती. प्लगना बॅटरीचा करंट जोडणारा स्विच म्हणजे रिले. मीटरची टोकं त्याच्या दोन जाड टर्मिनलवर ठेवली, तर एकट्या रिलेवर 2.4 व्होल्ट पडत होते. चांगल्या रिलेवर हा आकडा शून्याला टेकलेला हवा. हात लावला तर रिले चांगलाच तापलेला. प्लगची उष्णता तिथे खर्च होत होती. उघडून पाहिला तर आतले पॉइंट कोळशासारखे काळे, खड्डे पडलेले.

नवा रिले लावला, बॅटरीच्या वायरीची लगं घासून घट्ट केली. पट्टीवर 11.3. एक हीट, अर्धा सेल्फ, गाडी चालू.

बाबांना फोन केला. त्यांची "दोनदा हीट" कित्येक वर्षं त्या रिलेचं पाप झाकत होती. ते शांतपणे म्हणाले, "मग काय, चालत तर होती ना?"

या सगळ्यात स्टार्टिंग स्प्रे मारून बघ असं दोघांनी सुचवलं. हीटर प्लग असलेल्या इंजिनात तो मारू नका. लाल झालेल्या टोकावर ईथर गेलं की ते आपल्या वेळेआधी भडकतं, आणि पिस्टन किंवा रिंगा जातात.

एक गोष्ट राहिली आहे. चौथ्या प्लगचं टोक नुसतं मेलेलं नव्हतं, एका बाजूने खाल्लेलं होतं. डिझेलची धार थेट त्यावर पडत असणार. त्या सिलिंडरचं डिझेल फवारणारं नोझल गळतंय का, ते या रविवारी काढून बघायचं आहे, नाहीतर नवा प्लगही त्याच वाटेने जाईल.