आप्पांच्या चौकश्या कुठे गेल्या

तुळशीचं लग्न लागलं की आमच्या भागातल्या कार्यालयवाल्यांचे फोन खणखणायला लागतात. गेल्या खेपेला आप्पांनी असाच एक फोन ठेवला आणि लगेच मला लावला.

"ताई, ती वेबसाईट चालू हाय का बंद पडली?"

"चालू आहे की आप्पा. का हो?"

"एक बाई आत्ता भांडली माझ्याशी. दोनदा फॉर्म भरला म्हणं, कुणी विचारलं सुदिक न्हाई. दुसरीकडं हॉल घेतला त्यांनी. साडेसहाशे पानांचं लगीन हुतं, ताई."

मिरजेच्या अलीकडे आप्पांचं मंगल कार्यालय आहे. २०१९ साली त्यांची वेबसाईट मी केली. हॉलचे फोटो, पंगतीचे फोटो, पार्किंगचा एक अवाढव्य फोटो (तो त्यांचा हट्ट), आणि खाली चौकशीचा फॉर्म: नाव, फोन, ईमेल, तारीख, किती पानं. फॉर्म भरला की आप्पांच्या जीमेलवर मेल जातो, एवढंच त्याचं काम.

फोन कानाला असतानाच मी फॉर्म भरला. दहा सेकंदांत त्यांच्या इनबॉक्समध्ये मेल हजर. "आप्पा, येतोय की मेल," असं मी जरा तोऱ्यातच म्हटलं. पुढचे दोन दिवस तो तोरा मला पुरला.

संध्याकाळी त्यांच्या धाकट्याला स्पॅमचं फोल्डर उघडायला लावलं. तिथे अकरा चौकश्या पडून होत्या. तीस दिवसांच्या आतल्या अकरा, कारण त्याआधीचं जीमेल आपणहून पुसून टाकतं. म्हणजे मागच्या हंगामाचं काय झालं हे विचारायचीही सोय नाही. त्या अकराही जणांनी फॉर्ममध्ये जीमेलचा पत्ता दिला होता. भांडलेल्या बाईंचा मेल मात्र स्पॅममध्येही नव्हता. धाकट्याने त्यांना फोन करून पत्ता विचारला. याहूचा निघाला, इंजिनिअरिंगला असताना सायबर कॅफेत काढलेला असतो ना, त्या काळातला.

जीमेलवाले स्पॅममध्ये, याहूवाल्या बाई गायब, आणि मी चाचणीला वापरलेला माझ्या स्वतःच्या डोमेनचा (डोमेन म्हणजे पत्त्यातलं ॲटच्या चिन्हापुढचं नाव) पत्ता थेट इनबॉक्समध्ये. कोड एकच, सर्व्हर एक, मजकूरही जवळजवळ एकच. फरक फक्त फ्रॉमच्या, म्हणजे 'कोणाकडून' च्या ओळीत.

ती ओळ मीच लिहिलेली. फॉर्मचा कोड पीएचपी या भाषेत आहे. तिच्या मेल पाठवणाऱ्या फंक्शनला पहिलं 'कोणाला', मग विषय, मग मजकूर आणि चौथ्या जागी जादा हेडर, म्हणजे मजकुराच्या वरच्या माहितीच्या ओळी, द्यायची सोय असते. त्या चौथ्या जागी मी फ्रॉम म्हणून फॉर्म भरणाऱ्याचा पत्ता ठोकून दिला होता. हेतू चांगला होता: आप्पांनी रिप्लाय दाबलं की उत्तर सरळ गिऱ्हाईकाला जावं. त्या काळी अर्ध्या जगाचे फॉर्म असेच होते. पण याचा अर्थ काय झाला? गिऱ्हाईकाने पत्र लिहिलंच नाही. पत्र लिहिलं माझ्या सर्व्हरने, आणि खाली सही केली गिऱ्हाईकाची.

ईमेलला दोन 'कोणाकडून' असतात हे मला माहीत होतं. म्हणजे वाचलेलं होतं, अंगाला लागलं नव्हतं. १९८२ च्या ऑगस्टमध्ये ईमेलच्या नियमांचे दोन दस्तऐवज (आरएफसी) निघाले. ८२१ क्रमांकाचा जॉन पोस्टेल यांचा, मेल सर्व्हरांनी एकमेकांशी कसं बोलायचं याचा. ८२२ क्रमांकाचा डेव्हिड क्रॉकर यांचा, आतल्या पत्राची मांडणी कशी असावी याचा. एक पाकिटाचा, दुसरा आतल्या कागदाचा. तेव्हापासून ही दोन अंगं वेगळीच आहेत. पोस्टमन पाकीट वाचतो. आत 'तीर्थरूप बाबांस' आहे की नुसतं 'स.न.वि.वि.', त्याला काय करायचंय? आपल्याला मेलमध्ये दिसतो तो फ्रॉम आतल्या कागदावरचा. पाकिटावरचा पत्ता सर्व्हर एकमेकांना आधीच सांगून मोकळे होतात, आणि मेल परत आला तर तो त्या पत्त्यावर येतो. शेवटचा सर्व्हर तो पत्ता 'रिटर्न-पाथ' नावाच्या ओळीत टिपून ठेवतो, पण ती ओळ आपण कधी उघडून बघतो?

मी कोडमध्ये पाकिटाबद्दल काहीच सांगितलं नव्हतं. आपण सांगितलं नाही तर होस्टिंगचा सर्व्हर, म्हणजे वेबसाईट जिथे भाड्याने ठेवलीय ते मशीन, स्वतःच्या मनाने पत्ता घालतो: माझ्या खात्याचं युजरनेम, पुढे ॲटचं चिन्ह, पुढे सर्व्हरचं लांबलचक नाव. पाकिटावर हा कोणीतरी, आत सही याहूवाल्या बाईंची.

आता पडताळणी. सही खरी की खोटी हे मेल घेणारा सर्व्हर तीन तपासण्यांनी ठरवतो: एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क. एसपीएफ पाकिटावरचं डोमेन बघतो आणि विचारतो, या सर्व्हरला या घरची पत्रं टाकायची परवानगी आहे का? आमच्या बाबतीत होती, पण होस्टिंगवाल्यांच्या घरची. डीकेआयएम म्हणजे पत्रावरची मोहोर, तीही कोणत्या घरची ते डोमेनवरून कळतं. आणि डीमार्क येऊन विचारतो: कागदावर ज्याचं नाव आहे, त्याच घरचं पाकीट किंवा त्याच घरची मोहोर आहे का? दोन्हींपैकी एक जरी जुळलं तरी चालतं. आमचं एकही जुळत नव्हतं. याहूची मोहोर माझ्या सर्व्हरकडे कुठून येणार?

डीमार्कमध्ये न जुळणाऱ्या पत्राचं काय करायचं हे ज्याचं नाव वापरलंय ते डोमेन ठरवतं. याहूने एप्रिल २०१४ मध्येच जाहीर करून टाकलंय की आमच्या नावाचं न जुळणारं पत्र सरळ नाकारा. म्हणजे माझ्या फॉर्मवरून याहूवाल्याची चौकशी पहिल्या दिवसापासून आलीच नसणार, आणि मला पत्ता नाही. गूगलने फेब्रुवारी २०२४ पासून पाठवणाऱ्यांसाठीचे नियम आवळले. त्यात दिवसाला ५००० मेल टाकणाऱ्यांचे नियम वेगळे. पण जीमेलचं नाव फ्रॉममध्ये लावून दुसऱ्याच सर्व्हरवरून पाठवू नका, हे लहानथोर सगळ्यांना लागू. आप्पा म्हणत होते, "दोन वरसांमागं यायचं की मेल." बरोबर होतं त्यांचं. आणि माझ्या डोमेनला डीमार्कची नोंदच नव्हती, त्यामुळे माझ्या नावाने कोणीही काहीही पाठवलं तरी त्याला कोण अडवणार? म्हणून चाचणी पास. ज्या पत्त्यावर दोष दिसणारच नव्हता, नेमका तोच पत्ता घेऊन मी तपासत बसले होते.

दुरुस्ती तशी पाच मिनिटांची. फ्रॉममध्ये आप्पांच्याच डोमेनचा 'चौकशी' नावाचा पत्ता, गिऱ्हाईकाचा पत्ता रिप्लाय-टूमध्ये, म्हणजे उत्तर कुठे जावं ते सांगणाऱ्या ओळीत. रिप्लाय दाबलं की उत्तर गिऱ्हाईकालाच जातं, आणि खोटी सही करावी लागत नाही. दोन्ही ओळी लिहिल्या, मध्ये नवी ओळ करायला बॅकस्लॅश-आर, बॅकस्लॅश-एन टाकलं, पाठवून बघितलं. रिप्लाय दाबलं तर उत्तर गिऱ्हाईकाऐवजी भलतीकडेच चाललेलं.

इथे माझा दीड तास गेला. जीमेलमध्ये मेलच्या तीन ठिपक्यांतून 'शो ओरिजिनल' उघडलं (फॉर्मवाल्यांनी पहिल्यांदा तिथेच जावं, मी कायम शेवटी जाते). फ्रॉमच्या ओळीत आप्पांचा पत्ता, त्याला चिकटून बॅकस्लॅश, आर, बॅकस्लॅश, एन ही अक्षरं जशीच्या तशी, आणि त्यालाच चिकटून रिप्लाय-टू. दोन हेडर नाहीतच, एकच लांब शेपूट. मी ते सिंगल कोटमध्ये लिहिलं होतं. पीएचपी सिंगल कोटमधल्या बॅकस्लॅश-एनला नवी ओळ मानत नाही, अक्षरंच मानतं. नवी ओळ हवी तर डबल कोट. पंधरा वर्षं हे काम करते आहे, आणि कोट चुकला. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "म्हणजे चहा नको का आता?"

मग पाकीट. मेल फंक्शनला पाचवी जागाही असते. तिथे वजाचं चिन्ह, त्याला लागून एफ, त्याला लागून पत्ता, मध्ये जागा न सोडता. हे दिलं की पाकिटावरही आप्पांच्या डोमेनचा पत्ता लागतो. काही होस्टिंगवर ही जागा बंद केलेली असते, आमच्याकडे चालली. होस्टिंगच्या पॅनेलमधून डीकेआयएम सुरू केलं, एसपीएफच्या नोंदीत सर्व्हर होता की नाही ते पाहिलं, डीमार्कची नोंद घातली, तूर्त फक्त नजर ठेवण्यापुरती. पुन्हा शो ओरिजिनल: एसपीएफ पास, डीकेआयएम पास, डीमार्क पास.

एक मात्र अजून खुपत होतं. त्यांच्या धाकट्याच्या फोनवरच्या मेल ॲपमध्ये विषयाची ओळ फुटलेली दिसायची. 'मंगल कार्यालयाची चौकशी' मधल्या 'ची' ची वेलांटी जाऊन तिथे काळ्या शंकरपाळ्यात प्रश्नचिन्ह. हेडरमध्ये देवनागरी कच्ची घालायची नसते, ती इंग्रजी अक्षरांत गुंडाळून पाठवतात, आणि अशी एक पुडी जास्तीत जास्त ७५ अक्षरांची. त्यातली १२ वेष्टनात जातात. उरलेल्या जागेत बेस-६४ (गुंडाळायची एक पद्धत) करून जेमतेम ४५ बाइट (संगणकात मजकूर मोजायचं माप) बसतात, आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं. काना, वेलांटी, अनुस्वार, हलन्त सगळं वेगळं मोजून. म्हणजे एका पुडीत पंधरा चिन्हं. मी हुशारी करून विषय ४५-४५ बाइटांवर कापला होता. मोजून बघा: 'मंगल' चे बारा, मधल्या जागेचा एक, 'कार्यालयाची' चे तेहेतीस. सेहेचाळीस. पंचेचाळिसाव्यावर सुरी फिरली ती बरोबर वेलांटीवर, तिचे दोन बाइट अलीकडे, एक पलीकडे. ती जागा नसती तर पंचेचाळीस भरले असते आणि ही चूक कधी दिसलीच नसती. चिन्ह मध्ये कापायचं नाही असा नियमच आहे. तो पाळणारं एमबी-एनकोड-माइमहेडर नावाचं तयार फंक्शन पीएचपीत बसलेलं असताना मी हाताने शंकरपाळी कापत होते.

खरं तर हे सगळं पीएचपीमेलरसारखी लायब्ररी, म्हणजे दुसऱ्यांनी लिहून ठेवलेला तयार कोड, घेतली असती तर आयतं मिळालं असतं. तिथे फ्रॉम, रिप्लाय-टू आणि पाकिटाचा पत्ता यांना वेगवेगळ्या जागा आहेत आणि कोटांची भानगड नाही. आप्पांच्या साईटवर ती आता बसवलीय. जुना कोड वाचताना आणखी एक भोक दिसलं: ईमेलच्या रकान्यात आलेलं मी न तपासता हेडरमध्ये ओतत होते. कोणी पत्त्यानंतर नवी ओळ घुसवून खाली बीसीसी (गुपचूप प्रत जाणाऱ्यांची यादी) लिहिलं असतं तर आप्पांचं कार्यालय रातोरात स्पॅमचा कारखाना झालं असतं. आता पत्ता तपासूनच पुढे जातो.

चार दिवसांनी आप्पांचा फोन. "ताई, सगळी मेल 'चौकशी' नावानंच येत्यात. कोण कुठला कळंना." रास्त तक्रार. फ्रॉममध्ये पत्त्याच्या आधी जे नाव दिसतं, तिथे गिऱ्हाईकाचं नाव आणि पुढे 'वेबसाईटवरून' असं घातलं. पत्ता आमचाच.

पाकिटावरच्या पत्त्याकडे परत आलेले मेल इतकी वर्षं होस्टिंगच्या एका पेटीत साचत होते, जी मी एकदाही उघडली नव्हती. उघडली तर सातशेच्या वर निघाले. निम्म्याहून जास्त बॉटचा कचरा. बाकीच्यांत ५५० ५.७.२६ असा आकडा आणि पुढे कारण, की याहूच्या नावाने आलेल्या या मेलची ओळख पटत नाही. कारण शब्दशः लिहून माझ्याच दारात टाकलं होतं, ओळीने.

आता ते परतीचे मेल माझ्या रोजच्या इनबॉक्सकडे वळवलेत. फॉर्म भरणाऱ्याला 'आपली चौकशी मिळाली' असा मेल आपोआप जातो, आणि मागच्या आठवड्यात त्यातलाच एक परत आला. कोणीतरी जीमेलच्या स्पेलिंगमध्ये अक्षरं उलटसुलट केली होती. फॉर्ममध्ये फोन नंबर होता, तो आप्पांना कळवला. त्यांनी लावला. पलीकडचे काका म्हणाले, "मी कधीपासून उत्तराची वाट बघतोय!" फॉर्म भरून त्यांना वीस मिनिटं झाली होती. मे महिन्यातली तारीख, चारशे पानं.